सहा पेनं आणि एक उकडलेलं अंडं

कुणी मला ‘तुमचं अक्षर काय सुंदर हो’ म्हणालं, की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. बोलणारा माणूस बिचारा चांगल्या मनानंच बोललेला असतो. मी हसते, ‘कसलं काय’ म्हणते आणि नकळत उजवा हात ओढणीला पुसते. उकडलेल्या अंड्याचंही तेच. डब्यात कुणी अंडं आणलं की मी जागा बदलते. परवा डॉक्टरीणबाईंनी माझी हाडं ठिसूळ होत चालल्याचं सांगून रोज एक अंडं खायचा हुकूम केला, तेव्हा मी त्यांना म्हणाले, “मोडू देत हाडं.” या दोन्ही किळसांचा जन्म एकाच दुपारी, एकाच स्वयंपाकघरात झाला. ती दुपार आता सांगून टाकते. ज्यांची लाज वाटायची ते बहुतेक गेले, आणि जे उरलेत ते ही गोष्ट माझ्याआधीच चारचौघांत सांगतात, तीही पार बेचव करून.

आम्ही विट्याचे. आमच्याकडं घराला दोन पत्ते असतात, एक विट्याचा आणि एक ‘तिकडचा’. कुणाचं तिकडं म्हणजे कानपूर, कुणाचं कोचीन, कुणाचं गुवाहाटी. देशात जिथं जिथं सोनार आहेत, तिथं गल्लीच्या टोकाला आमच्याकडचा एक माणूस भट्टी पेटवून सोनं गाळत बसलेला असतो. आमचं तिकडं म्हणजे सेलम. वडील तिथं असायचे आणि दिवाळीला घरी यायचे, तेव्हा त्यांच्या बॅगेतून आधी सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास बाहेर यायचा आणि मग कपडे. त्यांची बोटं तेजाबानं पिवळी पडलेली. त्या बोटांनी त्यांनी भाकरी मोडली की मी माझं ताट थोडं बाजूला सरकवायचे. मला लहानपणापासून किळस फार लवकर येते, हा माझ्यातला दोषही आहे आणि माझं भांडवलही. आई वर्षातले काही महिने सेलमला, काही महिने विट्याला. तिकडून येताना ती इडलीचं भांडं घेऊन यायची आणि इडलीबरोबर आम्हाला लसणाची लालभडक चटणी द्यायची, कारण आमटीत बुडवलेली इडली आमच्या घरात कुणी ‘जेवण’ मानत नव्हतं.

विट्याच्या घराचे कारभारी होते आबा, माझे थोरले चुलते. दुमजली स्लॅबचं घर, खिडक्यांना मोराची जाळी, आणि दिवाणखान्यात एक सोफा, ज्याचं प्लॅस्टिकचं कव्हर दुकानातून आल्यापासून कुणी काढलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यावर बसलं की मांड्या चिकटायच्या आणि उठताना चर्र आवाज यायचा. आबांचा मुक्काम त्या सोफ्यावर. पायाशी डालड्याचा रिकामा डबा. तोंडात सदान्‌कदा तंबाखूचा बार. बोलायच्या आधी ते वाकायचे, डब्यात पचकन थुंकायचे आणि मगच तोंड उघडायचे, त्यामुळं घरात पचक्‌ असा आवाज आला की सगळ्यांचे कान टवकारायचे. तो डबा रोज सकाळी काकू, म्हणजे त्यांची बायको, मोरीत ओतायची. मी तेव्हा नाक धरून अंगणात पळायचे. आज त्या डब्याची आठवण लिहितानाही मी मधेच उठून चूळ भरून आले.

माझा धाकटा भाऊ बंड्या माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आमच्या घरात मुलं सामानासारखी इकडून तिकडं जायची. मी शाळेमुळं विट्यात रुजलेली, पण बंड्या कधी आईबरोबर सेलमला, कधी आई तिकडं अडकली की काकूजवळ विट्याला. गल्लीत बुधवारी सरकारी दवाखान्याच्या लोखंडे सिस्टर यायच्या, काळ्या, उंच, खांद्याला लसीचा निळा डबा. दारातून हाक मारायच्या, “बारक्याला टोचलंय का?” काकू भाकरी थापता थापता आतून ओरडायची, “व्हय, तिकडं टोचलंय!” ती खोटं बोलत नव्हती. तिची खरंच तशी समजूत होती. सेलमच्या दवाखान्यातली बाई विचारायची, तेव्हा आई मोडक्या तमिळमध्ये सांगायची, “ऊर्ल, ऊर्ल.” म्हणजे गावाकडं टोचलंय. तीही खोटं बोलत नव्हती. तिला वाटायचं, काकूनं स्वतःच्या पोरांबरोबर त्यालाही नेलं असणार. जन्मल्यावर दंडात एक सुई बसली, तेवढीच. बंड्या आता म्हणतो, “ताई, मला बहुतेक मिरज स्टेशनवर गाडी बदलताना टोचलं असणार.”

आणि आबांचा वाटा वेगळाच. एकदा सिस्टर जरा नेटानं विचारायला लागल्या, “तिकडं म्हंजी कुठं? कार्ड दावा की.” आबा सोफ्यावरून उठून दारात आले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “आमची पोरं तिकडं मोठ्या डागदराकडं टोचत्यात. तुमच्या सरकारी सुया आमास्नी लागत न्हाईत.” सिस्टरांनी डबा खांद्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, “बरं आबा. सुई सरकारी असली तरी हात माझाच असतोय.” आणि पुढच्या दारात गेल्या. तेव्हापासून त्या आमच्या दारात हाक मारायच्या बंद झाल्या. आबांचं ते सरकारी सुयांचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याची किंमत मोजावी लागली.

बंड्या चार वर्षांचा झाला आणि एसटी स्टँडच्या पलीकडं नवी इंग्रजी शाळा निघाली. मला मराठी शाळा आणि त्याला इंग्रजी, याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही, मीही नाही. प्रवेश मिळायच्या आधीच आबांनी गल्लीत पेढे वाटले. नव्या शाळेच्या मुख्याध्यापिका इनामदार मॅडम सांगलीच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, घड्याळ उजव्या मनगटावर. आबा, आई, बंड्या आणि हौस म्हणून मी, असे चौघं त्यांच्यासमोर बसलो.

“लसीकरणाचं कार्ड?” मॅडमनी विचारलं.

“तिकडं हाय.”

“तिकडं म्हणजे?”

“सेलमला. आवं मॅडम, पोरगं बघा की कसं टणटणीत हाय! घोड्यागत. त्याला कार्ड कशाला?”

“घोड्याला मी विचारतही नाही,” मॅडम म्हणाल्या. “माझ्या वर्गात चाळीस मुलं एकमेकांच्या अंगावर शिंकणार आहेत. कार्ड नसेल तर सोपं आहे, उद्या सरकारी दवाखान्यात न्या. राहिलेले डोस तिथं आजपासून सुरू करून देतात. पहिल्याची नोंद आणा, मी जागा ठेवते.”

इतकं सोपं होतं. वाटेत काही डोंगर आडवा नव्हता. दवाखाना आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता, सुई फुकट होती आणि मॅडम थांबायला तयार होत्या. पण दवाखान्यात लोखंडे सिस्टर बसत होत्या. घरी येताना आबा वाटभर एकच वाक्य बोलले, “त्या टोचणाऱ्या बाईम्होरं मी हुबा र्‍हाऊ?” आणि आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. थोरल्या दिरापुढं बोलायची तिची पद्धत नव्हती.

दोन दिवसांनी गल्लीत कुणाकडं तरी हळदीचा कार्यक्रम होता. आई आणि काकू दुपारीच तिकडं गेल्या. दिवाणखान्यात पचक्‌ असा आवाज आला आणि पाठोपाठ हाक, “नंदे, हिकडं ये. तुज्या अक्षराचं काम हाय.” आबांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरला गाठून एक कोरं कार्ड पैदा केलं होतं. फिकट पिवळं, दुमडीचं. शेजारी माझं स्वतःचं कार्ड ठेवलं होतं, खरंखुरं. माझ्या वेळी लोखंडे सिस्टरांनी चार बायकांकडून मला दाबून धरून त्यातला प्रत्येक रकाना भरलेला. “ह्याच्यावानी त्ये कर,” आबा म्हणाले. एवढंच.

आता मी अकरा वर्षांची. शाळेच्या नाटकात प्रत्येक वर्षी मी काम करायचे, जिजाऊपासून म्हाताऱ्या कोळिणीपर्यंत काहीही. मला वाटलं, हे तर त्याहून भारी नाटक! मी सरसावले. म्हटलं, “आबा, सगळं एका पेनानं लिहिलं तर वळखू येईल. सिस्टर काय दर बारीला तेच पेन आणत्यात व्हय?” आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं सोनं गाळणारा भट्टीतून निघालेल्या लगडीकडं बघतो. मी गल्लीतून पेनं गोळा केली. माझा निळा बॉलपेन, काकूच्या पोराचा सुकत आलेला काळा, किराणा दुकानदाराचा हिरवा, आबांचं स्वतःचं शाईचं पेन, एक लाल, तेही फक्त ताप आल्याच्या शेऱ्यासाठी, आणि एक असं ज्याची शाई मधेच तुटायची. जुनी कॅलेंडरं काढून मी प्रत्येक तारीख बुधवारची शोधली. बी.सी.जी. निळ्यात. त्रिगुणी लसीचे डोस काळ्यात आणि हिरव्यात. पोलिओच्या डोसाच्या वेळी सिस्टर घाईत असाव्यात म्हणून अक्षर थोडं वाकडं. प्रत्येक रकान्यापुढं त्यांची सही, शेवटच्या अक्षराच्या शेपटीला मारलेल्या गाठीसकट. मग कार्ड नवं दिसायला लागलं म्हणून त्यावर चहाचा कप ठेवून एक गोल उमटवला आणि कडेला हळदीचं बोट लावलं.

राहिला शिक्का. ती कला आबांची. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी एक अंडं उकडायला लावलं. गरमागरम सोललं, ओलंच माझ्या कार्डावरच्या जांभळ्या शिक्क्यावर दाबून हळूच लोळवलं आणि मग नव्या कार्डावर लोळवलं. शिक्का फिकट उमटला, पण उमटला. फिकट म्हणूनच जास्त खरा दिसला. आम्ही दोघं डोकं डोक्याला लावून बघत होतो. अंड्यावर जांभळी उलटी अक्षरं राहिली होती. आबांनी ते हातात फिरवून पाहिलं, वर मीठ टाकलं आणि खाल्लं. सगळं. शाईसकट. तंबाखूचा बार एका गालात सारून. आणि मग त्याच बोटांनी, तंबाखू, मीठ आणि पिवळा बलक लागलेल्या बोटांनी, माझा गाल धरून ओढला. “झ्याक! सिस्टरला बी कळायचं न्हाई. पोरी, हात सोन्याचा हाय तुजा.”

इथं मला खरं सांगायला हवं. त्या क्षणी मला किळस आली नाही. गालावर ते सगळं लागलेलं असताना मला इतका आनंद झाला, की मी हसत सुटले. घरात कुणी माझं असं कौतुक कधी केलंच नव्हतं. किळस नंतर आली, ती आबांची नव्हे, त्या हसण्याची.

“आन्‌ टोचायचं?” मी विचारलं होतं, एकदाच.

“टोचू की निवांत. पोरगं कुटं पळून चाललंय?”

संध्याकाळी आबांनी आईला सांगितलं, “दवाखान्याच्या रजिस्टरात नाव सापडलं, काकूनं नेलं हुतं त्याला तवा.” आणि काकूला सांगितलं, “सेलमवरनं नोंदी मागवल्या.” दोघींना अर्धी अर्धी थाप. दोघींच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं, मग त्या एकमेकींना कशाला विचारतात? आईनं ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत दागिन्यांच्या डबीखाली ठेवलं. तिचा त्याच्यावर संपूर्ण विश्वास होता. शाळेत आबांनी मॅडमनाही रजिस्टरात नाव सापडल्याचंच सांगितलं; त्यांनी कार्ड उजेडाकडं धरून वाचलं, मान हलवली आणि बंड्याचं नाव घातलं. मी वर्गाबाहेर उभी होते. मला टाळ्या ऐकू आल्यासारखं वाटलं.

दिवाळी झाली, वडील तेजाबाचा वास मागं ठेवून परत गेले, आणि बंड्याचा घसा धरला. काकूनं हळद-दूध दिलं, मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. ताप फार नव्हता, पण पोरगं मलूल. तिसऱ्या दिवशी त्याची मान दोन्ही बाजूंनी सुजून खांद्याएवढी झाली आणि त्याच्या तोंडाला एक वास यायला लागला. मी वासांची जाणकार. तेजाब, तंबाखू, मोरी, सगळे वास मला माहीत. हा त्यातला नव्हता. कोंडून मेलेल्या उंदराचा असतो, तसा गोडसर. आई त्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि तोंड वळवत नव्हती. मी टॉर्च धरला. घशात, जिथं लाल दिसायला हवं, तिथं राखी रंगाची साय धरली होती. विट्याच्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, थांबू नका, मिरजेला न्या.

आबांनी जीप काढली. तासगावच्या बाजूनं निघालो. रस्त्याकडेच्या शेडमधून मागच्या हंगामात बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा उरलेला वास जीपमध्ये शिरत होता आणि मागच्या सीटवर बंड्याचा श्वास लाकडावर करवत चालवावी तसा वाजत होता. आईनं निघताना ट्रंक उघडून कार्ड बरोबर घेतलं होतं. मोठ्या दवाखान्यात कागद मागतात, हे तिला माहीत होतं. ती पिशवी तिच्या मांडीवर होती आणि मी अख्खा रस्ता तिच्याकडं बघत होते.

मिरजेचे डॉक्टर बुटके, टकले, आणि इतक्या हळू बोलणारे, की सगळ्यांना पुढं वाकावं लागायचं. त्यांनी घसा बघितला आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. “घटसर्पासारखं दिसतंय. टोचलंय का याला?”

आईनं पिशवीतून कार्ड काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरलं. प्रसाद द्यावा तसं.

डॉक्टरांनी एकेक रकाना वाचला. चहाचा गोल, हळदीचं बोट, सगळं पाहिलं. कपाळावरची आठी सैल झाली. “त्रिगुणीचे सगळे डोस झालेत. वरचा बूस्टरसुद्धा. मग घटसर्प असण्याची शक्यता फारच कमी. टॉन्सिलला पू झाला असेल. घशातला नमुना तपासायला पाठवतो, रिपोर्ट येईपर्यंत नेहमीची औषधं चालू करू. घटसर्पाचं सिरम उगीच टोचायचं नसतं, काहींना ते सोसत नाही.”

मी आबांकडं पाहिलं. आबा भिंतीवरच्या डोळ्यांच्या चित्राकडं बघत होते. गालात बार होता आणि गाल हलत नव्हता. मला वाटलं, आता ते बोलतील. मोठं माणूस आहे, आता बोलेल. बंड्यानं एक श्वास घेतला आणि पुढचा घ्यायला त्याला इतका वेळ लागला, की नर्सनं मान वर केली.

“ते कार्ड खोटं आहे,” मी म्हणाले. “मी लिहिलंय.”

आबा भिंतीवरून एकदम वळले आणि हसले. “डॉक्टर, तिच्याकडं ध्यान दिऊ नका. पोरगी येडी हाय. नाटकात काम करती शाळंत.”

आणि डॉक्टरांनी खरंच नजर पुन्हा कार्डाकडं वळवली. आयुष्यभर केलेली नाटकं एका वाक्यात माझ्या अंगावर आली. मी पुढं झाले, डॉक्टरांच्या खिशातलं पेन ओढून काढलं, आणि बंड्याच्या केसपेपरवर लोखंडे सिस्टरांची सही केली. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा शेपटीची गाठ सारखी. मग बुधवारच्या तारखा पाठ म्हणून दाखवायला लागले. डॉक्टरांनी माझं मनगट धरून मला थांबवलं. कागदावरच्या तीन सह्या बघितल्या, कार्डावरच्या बघितल्या.

आईच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता आणि तिनं तो सावरला नाही. “भावजी,” ती म्हणाली, “खरं हाय?”

आबांनी गालाकडं बोट दाखवलं, म्हणजे तोंडात बार आहे, बोलता येत नाही.

“आधी थुका. त्वांड मोकळं करा. आन्‌ मग बोला.”

दवाखान्यात थुंकायला जागा नव्हती. आबांनी तो बार गिळला. मी तो त्यांच्या गळ्यातून खाली जाताना पाहिला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग त्यांनी मान खाली घातली, आणि ते उत्तर पुरेसं होतं.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी नर्सला सिरम काढायला सांगितलं, आधी थोडंसं टोचून सोसतंय का ते पाहिलं आणि मग बाकीचं दिलं. ते सगळं झाल्यावर त्यांनी कार्ड दोन बोटांच्या चिमटीत, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं उचललं आणि घाण कापसाच्या बादलीत टाकलं. मला म्हणाले, “अजून अर्धा दिवस गप्प राहिली असतीस, तर हे कार्ड बरोबर ठरलं असतं. पोराला पुन्हा कधीच टोचावं लागलं नसतं.” मला वाक्य कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी त्याच बादलीत ओकले.

आईनं त्या बादलीत हात घालून कार्ड परत काढलं. आबा कुजबुजले, “टॉन्सिल झालं म्हनून सांगू शाळंत. नाव खराब हुईल घराचं.” आई दवाखान्याबाहेरच्या फोनच्या टपरीवर गेली आणि तिनं स्वतः मॅडमना फोन लावला. तिला फोनवर बोलायचा सराव नव्हता, ती ओरडून बोलायची, त्यामुळं आमच्या घराची बदनामी मिरजेच्या त्या रस्त्यानं विट्याच्या आधी ऐकली. “पोरास्नी टोचा मॅडम,” ती ओरडत होती, “वर्गातल्या समद्या पोरास्नी बघा! आमचं कार्ड खोटं हुतं!”

बंड्या वाचला. पण घसा आतून लुळा पडल्यानं पुढं कित्येक आठवडे त्यानं प्यायलेलं दूध नाकातून परत यायचं. दोन नाकपुड्यांतून दोन पांढऱ्या धारा, आणि मधे त्याचं ओशाळं हसू. आई ते दर वेळी मलाच पुसायला लावायची. तिनं मला मारलं नाही, रागावलीही नाही. फक्त फडकं हातात द्यायची.

मॅडमनी मला शाळेत बोलावलं. वर्गात टोचणी होती. लोखंडे सिस्टर निळा डबा घेऊन बसलेल्या, पोरं रांगेत भोकाड पसरून उभी आणि त्यांच्या आया माझ्याकडं अशा बघत होत्या, की मी जमिनीत जागा शोधत होते. मॅडमनी माझ्यापुढं कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ठेवला. “अक्षर चांगलं आहे ना तुझं? मग आज खरं लिही.” एक सुई, एक किंकाळी, एक नोंद. सबंध दुपार मी लिहीत होते. सही मात्र सिस्टर स्वतः करायच्या. मधेच त्यांनी आईनं आणलेलं ते बादलीतलं कार्ड हातात घेतलं, आपल्या सह्या बारकाईनं बघितल्या आणि म्हणाल्या, “माझ्यापरीस बरी करतीस की गं. पर सुई कोन मारायची?”

आमच्या घरातल्या सगळ्यांनाही गोळ्या आणि टोचणी झाली, दवाखान्यातच, रांगेत. आबांनी सदऱ्याची बाही वर केली तेव्हा सिस्टर सुई हातात धरून थांबल्या. “का वं आबा? तिकडं न्हाई व्हय टोचलं?” अख्खी रांग हसली. माझ्या आयुष्यातला तो पहिलाच विनोद, ज्याला मला हसू आलं नाही.

आज सांगलीत विश्रामबागेत माझं पाळणाघर आहे. कार्ड दाखवल्याशिवाय मी मूल आत घेत नाही, त्यामुळं मला ‘कार्डवाली मावशी’ म्हणतात, आणि जरा लांब गेल्यावर आणखी काय काय म्हणतात. बंड्या आता सेलमच्या दुकानात बसतो. तिकडच्या गिऱ्हाइकांना सांगतो, “माझ्या ताईनं मला मारायला सहा पेनं वापरली.” आणि स्वतःच खो खो हसतो. मी अजून हसत नाही.

गेल्या जूनमध्ये एक तरुण बाप आला. आमच्याच बाजूचा, कोचीनला दुकान असलेला. कडेवर दीड वर्षांची मुलगी, मागं दहाएक वर्षांची थोरली, दोन वेण्या. “कार्ड तिकडं राहिलं, मावशी,” म्हणाला. मी पुढं केलेला हात तसाच ठेवला. मग त्यानं पाठीमागच्या खिशातून एक कार्ड काढलं. “नाही, हे बघा, सापडलं.” मी चष्मा लावला. तारखा व्यवस्थित, सह्या व्यवस्थित, तीन वेगवेगळी पेनं. कडेला चहाचा डाग. मी मान वर केली तेव्हा ती थोरली माझ्याकडं बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळ्यांतून हसू सांडत होतं. ती वाट बघत होती. मला ते हसू कुठंही ओळखता आलं असतं.

बापाला मी सांगितलं, दवाखाना दोन चौकांवर आहे, आज टोचणीचा दिवस आहे, पोरीला आत्ता घेऊन जा, मी जागा ठेवते. तो कानापर्यंत लाल झाला, पण गेला. थोरली मागं रेंगाळली.

अक्षर फार सुंदर होतं. माझ्यापेक्षाही. मी ते कार्ड तिच्यासमोर धरलं आणि म्हणाले, “फार घाण अक्षर आहे तुझं. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. पुन्हा कुणी लिहायला सांगितलं, तर सांग, मला येत नाही.”

तिचे डोळे टचकन भरले. ती पाय आपटत बापामागं धावली. मी हात धुतले, बराच वेळ. अकराव्या वर्षानंतर अक्षराच्या बाबतीत मी एकदाच खोटं बोलले आहे, आणि ते पुन्हा बोलायची वेळ आली, तर याहून नीट बोलेन.